बाजीरावांचे धाकटे बंधू आणि आपली अंधेरी

अंधेरी पूर्वेला, सीप्झच्या कुंपणाच्या आत, संगणकाच्या कचेऱ्या आणि दागिन्यांच्या कारखान्यांच्या मधोमध, छप्पर नसलेलं एक चर्च उभं आहे. सेंट जॉन द बाप्टिस्टचं. जेझुइट पाद्र्यांनी ते कोंडिविटे गावात उभारलं आणि १५७९ साली ते उपासनेसाठी खुलं झालं. तेव्हा दिल्ली-आग्र्याकडे अकबराचं राज्य होतं आणि शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून पन्नासहून अधिक वर्षं होती. १८४० मध्ये साथ आली, गाव उठलं, लोक मरोळला गेले आणि त्यांनी तिथे नवं चर्च बांधलं. म्हणजे जुनं चर्च २६१ वर्षं वापरात होतं. एवढ्या काळात अंधेरीवर तीन राजवटी येऊन गेल्या: आधी पोर्तुगीज, मग मराठे, मग इंग्रज. त्यातली मधली राजवट आपण जवळजवळ विसरून गेलो आहोत. अंधेरी, मालाड, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हा सगळा मुलूख सुमारे ३७ वर्षं पुण्याच्या कारभाराखाली होता, आणि तो तिथे आणला एका दुखणाईत, तिशीतल्या सेनापतीने. चिमाजी अप्पा त्यांचं नाव.

बाजीराव पेशव्यांवर नाटकं झाली, कादंबऱ्या झाल्या, सिनेमा निघाला. त्यांच्या धाकट्या भावाच्या वाट्याला बहुतेक वेळा भावाच्या मागे उभं राहण्याची भूमिका आली. पण मुंबईच्या उपनगरांचा इतिहास बदलणारा माणूस शोधायचा तर थोरल्याआधी धाकट्याकडे जावं लागतं. युरोपातल्या एका राष्ट्राने आशियात दोनशे वर्षं बाळगलेला अख्खा प्रांत एका भारतीय सेनेने लढून, वेढा घालून, तहावर सही करवून घेऊन काढून घेतला, ही गोष्ट अठराव्या शतकात किती दुर्मीळ होती हे लक्षात आलं की मी पुन्हा पुन्हा थक्क होतो.

बाळाजी विश्वनाथ भट आणि राधाबाई यांचे हे धाकटे चिरंजीव. १७२० मध्ये वडील गेले तेव्हा छत्रपती शाहू महाराजांनी पेशवाईची वस्त्रं दिली ती विशीच्या बाजीरावांना. चिमाजी तेव्हा जेमतेम बारा-तेरा वर्षांचे असतील. दोघा भावांमध्ये कामाची वाटणी कशी झाली, ते कागदपत्रांतून सारखं दिसत राहतं. बाजीराव वाऱ्यासारखे पुढे जायचे; मागचा मुलूख सांभाळणं, पैशाची जुळवाजुळव, सातारच्या दरबाराशी संधान, सरदारांची समजूत हे सगळं अप्पांकडे. १७३७ च्या मार्चमध्ये बाजीराव थेट दिल्लीच्या वेशीवर धडकले. त्या धाडसाचं सविस्तर वर्णन आज आपल्याला वाचायला मिळतं, कारण बाजीरावांनी ते पत्रातून भावाला कळवलं. इतिहासातलं एवढं मोठं पत्र, आणि ते ज्याला लिहिलं त्याच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही.

ते घरात बसून हिशेब बघणारे गृहस्थ मात्र मुळीच नव्हते. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी माळव्यात धारजवळ अमझेऱ्याला लढाई झाली. मोगलांचा माळव्याचा सुभेदार गिरधर बहादूर आणि त्याचा नातलग दया बहादूर, दोघेही त्या एका दिवसात पडले. मराठी फौजेचे प्रमुख होते चिमाजी अप्पा, वय फार तर एकवीस-बावीस. मराठ्यांसाठी माळव्याचं दार उघडलं ते त्या दिवशी. मग १९ एप्रिल १७३६ रोजी अलिबागजवळ रेवसच्या बाजूला त्यांनी जंजिऱ्याच्या सिद्दी साताला गाठलं. सिद्दी सात तिथे मारला गेला, आणि कोकणपट्टीला कित्येक वर्षं छळणारा एक जबरदस्त शत्रू संपला.

तरी त्यांचं खरं काम यापुढेच होतं.

त्या काळची मराठी सत्ता म्हणजे एकाच माणसाच्या हुकमावर चालणारी फौज नव्हती. साताऱ्याला छत्रपती, पुण्यात पेशवे, माळव्यात शिंदे, होळकर, पवार, गुजरातेत दाभाडे आणि गायकवाड, नागपूरकडे भोसले, समुद्रावर आंग्रे. प्रत्येकाची स्वतःची माणसं, स्वतःचा खजिना, स्वतःचं कर्ज आणि स्वतःचा मानापमान. अशा राज्यमंडळाच्या सेनापतीला शत्रूशी लढण्याआधी मित्रांची मोट बांधावी लागते. जगात इतरत्रही असे सेनापती झाले आहेत. अमेरिकेत १८६१ ते १८६५ च्या यादवीत दक्षिणेच्या राज्यांनी गुलामगिरी टिकवण्यासाठी संघ उभा केला, तेव्हा जॉर्जियाचा गव्हर्नर जोसेफ ब्राऊन आपल्या राज्याची माणसं संघाच्या सैन्याला द्यायला खळखळ करत होता आणि सेनापतींच्या योजना त्यात अडकत होत्या. दोन्हींचे हेतू अगदी वेगळे. अडचण मात्र त्याच घाटाची. ती अडचण चिमाजी अप्पांनी दोन वर्षं कशी पेलली, त्याची गोष्ट वसईच्या मोहिमेत आहे.

आधी, ही मोहीम ज्या मुलखासाठी झाली ती साष्टी म्हणजे काय ते डोळ्यांपुढे आणायला हवं. मुंबईच्या सात बेटांच्या उत्तरेला, माहीमच्या खाडीपासून वसईच्या खाडीपर्यंत पसरलेलं मोठं बेट. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला ठाण्याची खाडी. वांद्रे, अंधेरी, वेसावे, मालाड, बोरिवली, ठाणे सगळं याच बेटावर. मधे डोंगर, कडेने खाजणं, मिठागरं आणि भातशेती. गुजरातच्या बहादूरशाहाने डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्याबरोबर हा मुलूख पोर्तुगीजांना दिला. मुंबई बेट पुढे पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाकडे गेलं, साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी वसई. तिथे तटाच्या आत चर्च होती, मठ होते, पोर्तुगीज उमरावांचे वाडे होते.

या प्रांतात हिंदूंना उघडपणे धर्मकृत्यं करायला बंदी होती. पोरक्या मुलांना नेऊन बाप्तिस्मा दिला जायचा. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचं न्यायासन बसलेलं होतं आणि त्याचा हात इथपर्यंत पोचत होता. या जाचाला तोंड देणाऱ्यांत दोन घराणी पुढे आली. एक मालाडचं: अंताजी रघुनाथ कावळे, तिथले वतनदार. दुसरं भिवंडीजवळच्या अंजूरचं: गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ. त्यांनी पेशव्यांकडे गाऱ्हाणी नेली आणि गाऱ्हाण्यांपाठोपाठ माहितीही पुरवली. कोणती खाडी ओहोटीला पायी ओलांडता येते, कुठल्या बुरुजाचं बांधकाम अपुरं आहे, कुठे पहारा किती, कोण फितूर होऊ शकेल, असलं हे ज्ञान. घाटावरचा घोडेस्वार कितीही शूर असला तरी त्याला खाजणातला चिखल कळत नाही. ते शहाणपण मालाडच्या आणि अंजूरच्या माणसांनी दिलं. लिंक रोडवरून जाताना हे आठवलं की मला मालाडबद्दल एकदम वेगळाच आदर वाटतो.

मार्च १७३७ च्या अखेरीस मराठ्यांनी खाडी ओलांडून ठाण्यावर झडप घातली. पोर्तुगीजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला होता, पण काम पुरं झालं नव्हतं. ठाणं पडलं. थोरला भाऊ दिल्लीच्या वेशीवर आणि धाकट्याची माणसं ठाण्याच्या खाडीत, या दोन्ही घटना एकाच आठवड्यातल्या. दोन मोहिमांमधलं अंतर हजार किलोमीटरांहून जास्त, निरोप पोचवायला सांडणीस्वार आणि जासूद.

ठाण्यानंतर साष्टीचा बराचसा भाग भराभर हाती आला. अर्नाळ्याचं बेटही आलं. वसई मात्र हलेना. शंकराजी केशव फडके यांनी १७३७ मध्येच तिच्यावर चढाई केली, ती फसली. आणि इथे मराठी युद्धपद्धतीची एक मर्यादा उघडी पडली. गनिमी काव्याचा सगळा जोर हालचालीत. शत्रूची रसद तोडायची, त्याला दमवायचं, उघड्यावर गाठायचं. पण शत्रू दगडी तटाच्या आत बसला असेल, तटाला तीन बाजूंनी समुद्र आणि खाडी असेल, आणि त्याची रसद गलबतांतून येत असेल, तर घोड्यांचा काय उपयोग? युरोपात दोन शतकं याच प्रश्नावर डोकं चालवून कोनाकोनांचे बुरुज बांधले गेले होते. एका बुरुजाच्या तोफांनी शेजारच्या बुरुजाचा पाया झाकायचा, म्हणजे शिडी घेऊन येणारा माणूस दोन बाजूंनी भाजला जाईल. वसईचा तट त्या विद्येने बांधलेला होता. फक्त उत्तरेकडून रेताड जमिनीची एक पट्टी किल्ल्याला भिडलेली. जायचं तर तिथूनच.

अप्पांनी या कोड्याचं उत्तर वसईच्या तटापाशी शोधण्याआधी वसईच्या भोवताली शोधलं, आणि इथे मला त्यांची बुद्धी सगळ्यात जास्त दिसते. वसईला मदत येणार ती तीन ठिकाणांहून: गोव्याहून, उत्तरेकडच्या किनाऱ्यावरच्या ठाण्यांतून आणि मुंबईच्या इंग्रजांकडून. जानेवारी १७३९ मध्ये बाजीरावांचे मेहुणे व्यंकटराव घोरपडे यांनी गोव्यात फौज घातली आणि मडगाव घेतलं. व्हाइसरॉय सँडोमिलच्या काउंटला स्वतःचंच घर राखणं भाग पडलं. त्याच महिन्यात उत्तरेला केळवे-माहीम आणि तारापूर पडले. तारापूरच्या चढाईत बाजी भीवराव रेठरेकर हा मोलाचा सरदार कामी आला. त्याआधी, १७३८ च्या अखेरीस, ठाणं परत घ्यायला आलेला पोर्तुगीज सेनापती पेद्रो द मेलो तोफगोळ्याने मारला गेला होता. मानाजी आंग्रे यांच्या आरमाराचीही पोर्तुगीजांना धास्ती होतीच.

मग फेब्रुवारीत अप्पा स्वतः वसईपुढे येऊन बसले, आणि साष्टीत उरलेली पोर्तुगीज ठाणी एकेक करून खुडायला सुरुवात झाली. त्यातलं एक आपल्या अंधेरीकरांच्या अगदी दारातलं, वेसाव्याचा किल्ला. वेसावे कोळीवाड्यासमोर, खाडीच्या पलीकडे मढच्या टोकावर तो आजही उभा आहे. मढचा किल्ला म्हणून लोक त्याला ओळखतात, आणि तो भाग आता हवाई दलाकडे आहे. खाडीच्या तोंडावरचा हा किल्ला ज्याच्या हातात, त्याच्या हातात मालाडच्या खाडीत शिरणारी प्रत्येक होडी. १७३९ च्या त्या मोसमात मराठ्यांनी तो घेतला. मार्चमध्ये उत्तनजवळचा धारावीचा किल्लाही घेतला. (आजच्या मुंबईतल्या धारावीशी याचा संबंध नाही, ही धारावी भाईंदरच्या पश्चिमेला, वसईच्या खाडीच्या तोंडाशी.) आता वसईच्या समोरच्या काठावर मराठी तोफा आल्या. वसईला पाण्यातून मिळणारा श्वासही कोंडला जाऊ लागला.

याच वेळी उत्तरेत काय चाललं होतं? इराणचा नादिरशाह पंजाबातून खाली उतरला होता. फेब्रुवारीत कर्नाळला त्याने मोगल सैन्याचा फडशा पाडला आणि मार्चमध्ये दिल्लीत कत्तल केली. तो दक्षिणेला वळला तर? बाजीराव बऱ्हाणपूरच्या बाजूला होते आणि त्यांना माणसं हवी होती. माणसं तर वसईत गुंतलेली: मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, सगळे नामी सरदार त्या रेताड पट्टीवर अप्पांच्या शेजारी मोर्चे लावून बसलेले. आता दोन वर्षांची मेहनत सोडून उठायचं की आणखी नेट लावायचा? मेचा महिना जवळ येत होता. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की चर आणि भुयारं पाण्याने भरणार, दारू भिजणार, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

अप्पा उठले नाहीत. त्यांनी खणायला लावलं.

सुरुंगाचं तंत्र ऐकायला सोपं आहे. तटापासून लांब, गोळीच्या टप्प्याबाहेर चर सुरू करायचा, तो नागमोडी पुढे न्यायचा, तटाजवळ आलं की जमिनीखाली शिरायचं, बुरुजाच्या पायाखाली पोकळी करायची, तिथे दारूचे साठे ठेवायचे, वात लांबवर आणायची आणि पेटवायची. करायला मात्र जीवघेणं. वसईची जमीन समुद्रसपाटीला लागून. थोडं खोल गेलं की पाणी लागतं. रेती ढासळते. वरून तटावरचे लोक हातबॉम्ब टाकतात, पेटती लाकडं टाकतात, आतून उलट दिशेने खणत येऊन तुमचं भुयार उडवायला बघतात. भुयारातल्या माणसाला दिवस दिसत नाही आणि कान सतत समोरच्या मातीला लावलेले असतात, तिकडून कुदळीचा आवाज येतो का म्हणून. ही माणसं बहुतेक निनावी राहिली. मोहिमेचा निकाल त्यांच्याच हातांनी लावला.

मेच्या पूर्वार्धात सुरुंगांना बत्ती दिली. काही उडाले, तटाला खिंडार पडलं, मराठे आत घुसले. आणि जे सुरुंग वेळेवर पेटले नव्हते त्यातला एक उशिरा उडाला तो आपल्याच माणसांवर. दगडांखाली कित्येक चिरडले गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढाई. पुन्हा खिंडारात मारामारी. किल्ल्याचा प्रमुख मार्तिन्यो द सिल्वेरा आधीच पडला होता. त्याची जागा घेतलेला काएतानो द सौझा परैरा आणि त्याची माणसं ज्या जिद्दीने लढली, तिला मराठी पत्रांनीही दाद दिली आहे. अप्पांनी वैतागून सरदारांना सांगितलं, की किल्ला घेता येत नसेल तर माझं मस्तक तरी तोफेने आत टाका, ही आख्यायिका याच दिवसांची. ते शब्द तसेच उच्चारले गेले असोत किंवा नसोत, त्या छावणीतली घालमेल त्यातून बरोबर कळते. वज्रेश्वरी देवीला केलेला नवसही तेव्हाचाच म्हणून सांगतात. किल्ल्यासारख्या तटबंदीचं वज्रेश्वरीचं देऊळ त्यानंतर उभं राहिलं, आणि आज भिवंडी तालुक्यात जाऊन ते बघता येतं.

१६ मे १७३९ रोजी तह झाला. इंग्रजांच्या कागदांत हीच तारीख ५ मे अशी दिसते, कारण पोर्तुगालने १५८२ मध्ये सुधारलेलं पंचांग स्वीकारलं होतं आणि इंग्रज १७५२ पर्यंत जुन्यालाच धरून होते. वसईत एक तारीख आणि मुंबईच्या किल्ल्यात अकरा दिवस मागची, मधे फक्त साष्टी. जुनी कागदपत्रं वाचणाऱ्याने हा फरक धरला नाही तर मदतीची गलबतं वसई पडून गेल्यावर निघाल्यासारखी दिसू लागतात.

तहाच्या अटी वाचताना मी प्रत्येक वेळी थांबतो. मराठ्यांनी आपले पाच हजारांच्या आसपास लोक गेल्याचं स्वतःच नोंदवलं. पोर्तुगीजांचे आठशेच्या घरात मेले आणि जखमी झाले. इतकं रक्त सांडल्यावर, दोन वर्षांचा राग साठल्यावर, त्या जुलमांची गाऱ्हाणी कानांत असताना, विजेत्याने काय मागावं? अप्पांनी दिलं ते असं: किल्ल्यातल्या शिबंदीने हत्यारांसह, निशाणं फडकवत, नगारे वाजवत बाहेर जावं. ज्यांना जायचं आहे त्यांनी आपली चीजवस्त घेऊन जावं. दोन्हीकडचे कैदी सुटावेत. आणि जे ख्रिस्ती इथेच राहतील त्यांच्यासाठी वसई शहरात, बाहेरच्या मुलखात आणि साष्टीत मोजकी चर्च ठेवावीत. २३ मे रोजी पोर्तुगीज गलबतांत बसून निघून गेले. पोर्तुगीजांच्याच हिशेबाने या मोहिमेत वीस किल्ले आणि ३४० गावं गेली. पुढच्या वर्षी चौलही गेलं. उत्तरेत त्यांच्याकडे उरली दमण आणि दीव.

मला या उदारपणाला परिकथेचा रंग द्यायचा नाही. मोहिमेत चर्च पाडली गेली, घरं लुटली गेली आणि घंटा उतरवल्या गेल्या. वेढा लवकर संपवण्याची निकड अप्पांनाही होतीच: पाऊस, नादिरशाह, थकलेली फौज. सन्मानाने जाऊ देण्यात व्यवहारही होता. पण व्यवहारी माणूस एवढ्यावर थांबला असता. राहणाऱ्यांच्या उपासनेची सोय तहात लिहून देणं त्याच्या पुढचं आहे. ज्यांच्या राज्यात देवळं बांधायला बंदी होती, त्यांच्या धर्माची देवळं राखण्याची लेखी हमी त्यांना हरवणाऱ्याने दिली. इन्क्विझिशनच्या शतकात हे लिहिलं गेलं, याचं मला खरोखर नवल वाटतं.

त्याचे परिणाम अंधेरीच्या गल्ल्यांत आजही चालते-बोलते आहेत. युरोपी पाद्री गेले. त्यांच्या जागी गोव्याचे, इथल्याच रक्ताचे पाद्री आले. शेतकरी, कोळी, आगरी ख्रिस्ती जिथे होते तिथेच राहिले. त्यांची भाषा मराठीच होती आणि मराठीच राहिली. मरोळ, आंबोली, चकाला, सहार, गुंदवली इथल्या गावठाणांतले ईस्ट इंडियन हे त्यांचेच वंशज. या समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ईस्ट इंडियन हे नाव घेतलं. माणसं त्याच्या शेकडो वर्षं आधीची. त्यांच्या लग्नातली मराठी गाणी ऐकली, लुगडं नेसलेल्या आज्या पाहिल्या, की पोर्तुगीज आणि मराठे या दोन सत्तांच्या खाली टिकलेला एक तिसराच धागा समोर येतो.

इकडे मुंबईत इंग्रजांची झोप उडाली होती. माहीमच्या खाडीच्या पलीकडे, वांद्र्यापर्यंत, आता मराठे होते. वेढ्याच्या काळात इंग्रजांनी वसईला दारूगोळा दिला होता, आणि पंधरा हजार रुपये कर्जही, तेही चर्चची चांदी आणि काही तोफा तारण घेऊन. वांद्र्याचा किल्ला मराठ्यांच्या हाती पडून माहीमवर तोफा लागू नयेत म्हणून तो निकामी करून टाकला. शहराच्या तटाभोवती खंदक खणायचं ठरलं आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांनी त्यासाठी तीस हजार रुपये वर्गणी काढली. एक वकील, कॅप्टन विल्यम गॉर्डन, साताऱ्याला शाहू महाराजांकडे धाडला. दुसरा, कॅप्टन इंचबर्ड, अप्पांकडे वसईला. त्याने जुलैमध्ये व्यापाराचा तह करून घेतला. बोरीबंदरच्या दक्षिणेला ज्या भागाला आपण फोर्ट म्हणतो, त्याच्या भोवतालचा तो खंदक, निदान त्याची घाई, अप्पांच्या वसईतून आलेली.

घंटांचं मात्र सविस्तर सांगायलाच हवं. वसईच्या आणि साष्टीच्या चर्चमधल्या ओतीव घंटा मराठी सरदारांनी विजयाची खूण म्हणून नेल्या आणि आपापल्या देवाला वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा पाहा: तिच्यावर १७२१ हे साल आहे. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची घंटा १७०७ ची, आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. ज्योतिर्लिंगाच्या दारात, कृष्णेच्या काठावर या घंटा आजही आहेत. कुणी त्यांच्यावरची चित्रं घासून काढली नाहीत, सालं पुसली नाहीत. पुढच्या वेळी भीमाशंकरला गेलात तर घंटेपाशी थोडं थांबा आणि तिच्यावरचे आकडे वाचा.

अप्पांना या विजयाचा उपभोग मिळाला नाही. छातीचं दुखणं जुनंच होतं. पत्रांत त्याचे उल्लेख सतत येतात. १७४० च्या सुरुवातीला दोघे भाऊ निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी लढत होते. घरात बाजीराव आणि मस्तानी यांच्या संबंधांचं प्रकरण पेटलेलं होतं, आणि तिला नजरकैदेत ठेवण्यात अप्पाही सामील होते. त्यांच्या चरित्रातला हा भाग वाचायला मला जड जातो. एप्रिलमध्ये ते पुतण्या नानासाहेबांबरोबर आंग्र्यांच्या भाऊबंदकीत मानाजींच्या मदतीला कुलाब्याकडे गेले होते. तिथेच बातमी आली: २८ एप्रिलला नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले. त्याच वर्षी १७ डिसेंबरला पुण्यात चिमाजी अप्पाही गेले. वय साधारण तेहतीस. पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. मुठेच्या काठी ओंकारेश्वराजवळ चिमाजी अप्पांची समाधी आहे.

मागे राहिला दहा वर्षांचा मुलगा. त्याची आई रखमाबाई त्याच्या जन्मानंतर लवकरच गेली होती, त्यामुळे त्याला वाढवलं आजी राधाबाईंनी. तो सदाशिवराव, पानिपतचे भाऊसाहेब. १४ जानेवारी १७६१ रोजी त्यालाही तेच कोडं पडलं होतं जे वसईला त्याच्या वडिलांपुढे होतं: होळकर, शिंदे आणि बाकी सरदारांना एका मोर्चावर कसं ठेवायचं.

साष्टीचं पुढे काय झालं? १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्यांच्या काकांनी, राघोबादादांनी, घरभेद केला, आणि पोर्तुगीज आपला जुना प्रांत परत घ्यायला आरमार पाठवत आहेत अशी हूल उठली. इंग्रजांनी त्याआधीच हात मारायचं ठरवलं. डिसेंबर १७७४ च्या अखेरीस त्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि पाठोपाठ वेसावेही. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी कायमची त्यांच्याकडे गेली. मधल्या युद्धात जिंकलेली वसई मात्र त्यांना मराठ्यांना परत करावी लागली. त्यामुळे पुढची वीस वर्षं सरहद्द होती ती वसईच्या खाडीवर: आज विरार लोकल भाईंदर सोडून नायगावच्या पुलावर चढते तिथे. अलीकडे कंपनी सरकार, पलीकडे पेशवे. त्या पलीकडच्याच किल्ल्यात, चिमाजी अप्पांनी सुरुंग लावून घेतलेल्या वसईत, ३१ डिसेंबर १८०२ रोजी थोरल्या बाजीरावांचा नातू दुसरा बाजीराव आश्रयाला येऊन बसला आणि इंग्रजांची तैनाती फौज पदरी ठेवण्याच्या करारावर त्याने सही केली.